सांधा जपावा, वारी जपावी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात रात्रीच्या कीर्तनाआधी झालेल्या बोलण्याचा मजकूर. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडी पहिल्यांदा निघाली तवा इथं निजामाचं राज्य होतं. डांबरी सडक नव्हती, सामानाला ट्रक नव्हता. त्या वेळची माणसं डोक्यावर वळकटी आणि खांद्यावर पताका घेऊन गोदामाय ओलांडून गेली. आपली दिंडी त्यांच्या पायांवर उभी राहिली. म्हणून मंडळानं जवा सांगितलं, "महाराज, शताब्दीला तुम्ही बोला," तवा आम्ही म्हणालो, आम्ही पायावर बोलू. पाय म्हणजे काय, तर सांधे. आज आम्ही सांध्यावर बोलणार.

तुम्ही म्हणाल, महाराज चौथी शिकलेले, हे डॉक्टरकीचं काय सांगणार? खरं हाय. आम्ही नांगर धरला आणि टाळ धरला, दुसरं काही धरलं न्हाई. पण आमची नात अकरावी सायन्सला हाय. तिच्या पुस्तकात सांगाड्यावर एक धडा हाय. तिनं तो आम्हाला चार रात्री वाचून दाखवला. आणि आमच्या स्वतःच्या गुडघ्यांनी जे शिकवलं ते वेगळंच. आज कीर्तनातलं प्रमाण घेत न्हाई. आज देह हेच प्रमाण. ज्याच्या त्यानं स्वतःच्या अंगाला हात लावून बघायचं.

माणसाच्या अंगात हाडं किती? मोठ्या माणसाच्या अंगात २०६. जन्मलेल्या लेकराच्या अंगात मात्र तीनशेच्या आसपास असतात, पुढं वाढता वाढता त्यातली काही एकमेकांना जुळून जातात. आता या २०६ पैकी एका पायाच्या पावलात किती? घोट्यापासून बोटापर्यंत २६. दोन पावलांत ५२. म्हणजे बघा, अंगातल्या हाडांचा चौथा हिस्सा देवानं पावलांत ठेवलाय. आपण मात्र तोंड धुतो, केस विंचरतो, आणि पावलाकडं बघतो कवा? काटा मोडल्यावर.

दोन हाडं जिथं भेटतात त्याला सांधा म्हणायचं. हाड स्वतः वाकत न्हाई. वाकतो तो सांधा. सांधा नसता तर माणूस म्हणजे वावरात उभं केलेलं बुजगावणं. आता सांधे तीन जातीचे. एक अजिबात न हलणारे, दुसरे थोडे हलणारे, तिसरे मोकळे हलणारे.

न हलणारे कुठं? डोक्यात. आपली कवटी एकसंध दिसते, पण ती बऱ्याच हाडांची हाय. त्यांच्या कडा करवतीच्या दातासारख्या, एकमेकांत घट्ट बसलेल्या. गोधडीला शिवण घालावी तशी शिवण. तान्ह्या लेकराची टाळू मऊ लागते, म्हातारी माणसं तिथं तेल भरतात. ती टाळू म्हणजे अजून न भरलेली जागा. जन्माच्या वेळी डोकं वाटेतून बाहेर यावं आणि पुढं मेंदू वाढावा म्हणून देवानं ही जागा मोकळी ठेवली. साधारण दीड वर्षाच्या आसपास ती भरून येते. दात जबड्यात रोवलेले असतात, तोसुद्धा न हलणारा सांधाच धरतात. आमच्यासारख्यांचे हलायला लागले ती गोष्ट निराळी.

थोडे हलणारे सांधे पाठीत. मणके ३३. त्यातले खालचे ९ मोठेपणी जुळून जातात, वर मोकळे राहतात २४. एका मणक्यावर दुसरा मणका, आणि मधी एक गादी. ही गादी पाणी धरून ठेवते. दिवसभर उभं राहिलं, पोती उचलली, की गादी दबते आणि पाणी सोडते. रात्री आडवं झालं की परत पाणी ओढून घेते. म्हणून माणूस सकाळी थोडा उंच असतो आणि संध्याकाळी थोडा बुटका, कमी-जास्त एक सेंटीमीटरचा फरक पडतो. मुक्कामाला पाठ टेकणं हा आळस न्हाई, माउली. ती पाठीची भाकर हाय. बायकांच्या ओटीपोटाखाली पुढच्या बाजूला असाच एक जोड असतो. पोट राहिलं की तो सैल होतो, लेकराला वाट मिळावी म्हणून. न हलणारा देव भक्तासाठी हलतो म्हणतात. इथं तर हाडच हलतं.

आता मोकळे सांधे. यांच्या सहा तऱ्हा. त्या नातीनं नावासकट सांगितल्या, आम्ही आपल्या घरातल्या वस्तूंवर लावून ठेवल्या.

पहिला बिजागरीचा. कोपर वाकवून बघा. दार जसं एकाच बाजूला उघडतं तसं ते एकाच बाजूला वाकतं. गुडघ्याचं काम मुख्यतः असंच, बोटांच्या पेरांचंही असंच.

दुसरा उखळीचा. उखळात मुसळ जसं सगळीकडून फिरतं तसा खांदा आणि तसाच खुबा. पण दोघांत फरक हाय. खांद्याचं उखळ उथळ, म्हणून हात चौफेर फिरतो, पताका वर जाते, पण खांदा निखळतोही लवकर. खुब्याचं उखळ खोल, म्हणून तो कमी फिरतो पण अंगाचं वजन धरून राहतो. जिथं मोकळीक जास्त तिथं धरण कमी. संसारातही तसंच.

तिसरा खुंटीचा. जनाबाई आपल्या गंगाखेडची. तिचं नाव घेतलं की जातं आठवतं. जात्याच्या खालच्या पाळीत मधोमध खुंटी असते आणि वरची पाळ तिच्याभोवती फिरते. आपल्या मानेत अगदी तेच हाय. वरून दुसऱ्या मणक्याला उभी खुंटी, आणि पहिला मणका कड्यासारखा तिच्याभोवती फिरतो. आपण "न्हाई न्हाई" म्हणून मान हलवतो ते या जात्यावर. आणि "हो हो" म्हणून मान डोलावतो ते त्याच्या वरच्या सांध्यावर, कवटी आणि पहिला मणका यांच्या मधी. हो म्हणायचा सांधा वर, नाही म्हणायचा त्याच्याखाली. मनगट आणि कोपर यांच्या मधीही खुंटीचा सांधा हाय. प्रसाद घेताना तळहात वर होतो, आशीर्वाद देताना खाली होतो, ते त्याच्यामुळं.

चौथा खोगिराचा. अंगठ्याच्या बुडाशी. घोड्यावर स्वार बसतो, तो पुढं-मागं डुलतो आणि बाजूलाही डुलतो, पण पडत न्हाई. अंगठा असाच बसलेला हाय. त्याच्यामुळं अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो. हा सांधा नसता तर टाळाची दोरी धरता आली नसती, खुरपं धरता आलं नसतं, लेकराला घास भरवता आला नसता.

पाचवा लंबगोल. एका हाडाचं अंड्यासारखं टोक दुसऱ्याच्या खळग्यात बसतं. मनगट असं हाय. वर-खाली होतं, बाजूला होतं. मृदंगाच्या बुवांना विचारा, त्यांचं सगळं पोट मनगटावर.

सहावा सरकता. तळहाताच्या बुडाशी आठ बारकी हाडं हायत, घोट्याच्या पुढंही हायत. ती एकमेकांवर थोडी थोडी सरकतात. नदीच्या वाळूत, ढेकळात, खडकावर पाऊल पडलं की ते जमिनीप्रमाणं बसतं, ते या सरकत्या सांध्यांमुळं.

हे सगळं इंग्रजांनी शोधलं असं कुणी समजू नका. आपल्या दिंडीत औषध द्यायला येणारे एक वैद्यबुवा होते. त्यांनी सांगितलं, सुश्रुत नावाच्या आचार्यांनी फार पूर्वी सांध्यांची मोजदाद केली. २१० सांधे मोजले, हलणारे आणि स्थिर असे दोन भाग केले, आणि आठ जाती सांगितल्या. त्यातल्या एका जातीचं नाव उलूखल, म्हणजे आपलं उखळच. डोक्यातल्या सांध्याला त्यांनी तुन्नसेवनी म्हणलं, म्हणजे शिवण. जबड्याच्या सांध्याला वायसतुंड, म्हणजे कावळ्याची चोच. आम्ही आपलं घरातल्या वस्तूंवरून नावं दिली म्हणून नात हसली होती. आम्ही तिला सांगितलं, बाई, आचार्यांनीही तेच केलंय.

आता मुख्य गोष्टीवर येतो. गुडघा.

गुडघा हा अंगातला सगळ्यात मोठा सांधा. वरून मांडीचं हाड, खालून नडगीचं हाड, समोर वाटी. एका वर्षी अंबाजोगाईच्या मुक्कामात डॉक्टरकी शिकणारी पोरं-पोरी वारकऱ्यांना तपासायला आली होती. त्यांच्यातल्या एका पोरीजवळ प्लास्टिकचा गुडघा होता. तिनं तो उघडून दाखवला. आम्ही साठीला आलो होतो आणि आपला गुडघा आतून पहिल्यांदा बघत होतो.

तिनं दाखवलं ते असं. दोन्ही हाडांच्या टोकांवर पांढरी गुळगुळीत साय बसवलेली असते. तिला कूर्चा म्हणतात. जाड किती? ज्वारीच्या दाण्याएवढी. दोन हाडांच्या मधी चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या. हाडं इकडंतिकडं घसरू नयेत म्हणून आत फुलीसारखे दोन बंध, बाजूंना दोन बंध. या सगळ्याभोवती एक पिशवी, पिशवीला आतून अस्तर, आणि ते अस्तर वंगण पाझरतं. वंगण किती, तर चांगल्या गुडघ्यात चहाच्या चमचाभरही नसतं. तेवढ्यावर माणूस जन्मभर चालतो. बैलगाडीच्या आखाला आपण दर फेरीला वंगण घालायचो, तरी चाक कुईकुई करायचंच. हा गाडा बघा.

आणि आता कान देऊन ऐका. या कूर्चेत रक्ताची नळी न्हाई आणि दुखणं कळवणारी शीरही न्हाई. रक्त न्हाई तर ती जेवते कशी? चालल्यावर जेवते. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की फुगते, आणि फुगताना ते वंगण शोषून घेते. म्हणून ज्याचं बसून काम त्याचा गुडघा उपाशी राहतो. चालणं हे गुडघ्याचं अन्न हाय. वारी गुडघ्याच्या विरुद्ध न्हाई, माउली, हे आधी लक्षात ठेवा. नाहीतर उद्या कुणी म्हणायचं, महाराजांनी चालू नका म्हणून सांगितलं.

पण शीर न्हाई म्हणजे काय? म्हणजे ती मुकी हाय. झिजली तरी ओरडत न्हाई. खालचं हाड उघडं पडायला लागलं, अस्तर सुजलं, की मग दुखतं. म्हणजे गुडघा दुखायला लागला तवा काम आज सुरू झालेलं नसतं, ते धा-पंधरा वर्षं आधी सुरू झालेलं असतं. आणि झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी परत उगवत न्हाई. पीक गेलं तर पुढच्या मृगात पेरता येतं. हे पीक एकदाच येतं.

हे मुकेपण आम्हाला फार उशिरा कळलं. त्याची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय आज इथून उठायचं न्हाई असं ठरवून आलोय.

पुष्कळ वर्षं झाली. आपल्या दिंडीत एक आबा होते. नाव घेत न्हाई. जुन्या माणसांच्या ध्यानात येईल, त्यांनीही घेऊ नये. आबांनी चाळीसच्या वर वाऱ्या केलेल्या. आवाज असा, की काकड्याला त्यांनी तोंड उघडलं की सगळा तळ जागा व्हायचा. त्या वर्षी परळी सोडून आपण बालाघाटाचा चढ चढत होतो. आबा मागं पडले. एका दगडावर बसले, मग सामानाच्या ट्रकमधी चढून बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशीही.

त्या रात्री कीर्तन आमचं होतं. आम्ही तरणे होतो, पाय लोखंडाचे होते, आणि तोंडाला लगाम नव्हता. कीर्तनात आम्ही बोललो, "पंढरीची वाट पायानं चालायची असते, चाकानं न्हाई. ज्याला चालवत न्हाई त्यानं घरी बसून माळ ओढावी." लोक हसले. आबाही हसले. आम्हाला वाटलं, कीर्तन रंगलं.

पुढच्या वर्षी आबा आले न्हाईत. निरोप आला, यंदा पेरणी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही पेरणीच राहिली. तिसऱ्या वर्षी आबाच राहिले न्हाईत.

आम्ही भेटायला गेलो. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "महाराज, दिंडी निघायची त्या दिवशी मामंजी ओसरीवर टाळ घेऊन बसायचे. गुडघे एवढाले सुजलेले. आम्ही म्हणायचो, गाडीत बसून जा. तर म्हणायचे, न्हाई बाई, महाराज बरोबर बोलले, चाकानं जायचं नसतं." त्या माउलीनं आम्हाला एका शब्दानं दोष दिला न्हाई. च्या केला, पाया पडली. आम्ही तो च्या कसा प्यालो ते आमचं आम्हाला माहीत.

आबांचा आळस नव्हता, माउली. त्यांची साय संपली होती. हाडाला हाड घासत होतं, आणि तसं असूनही ते परळीपर्यंत चालत आले होते. आम्ही न झिजलेल्या गुडघ्यावर उभं राहून झिजलेल्या गुडघ्याला नावं ठेवली.

मग आमची पाळी आली. पन्नाशी उलटली आणि उजवा गुडघा बोलायला लागला. आधी पायऱ्या उतरताना, मग उकिडवं बसल्यावर उठताना. ट्रकमधी बसायचं कसं? आमचेच शब्द आमच्या आडवे आले. मग एका गावात एकानं पुड्या दिल्या. काय जादू! दोन दिवसांत गुडघा लोण्यासारखा. आम्ही त्या पुड्यांवर तीन वाऱ्या मारल्या. पुढं तोंड सुजलं, हाडं ठिसूळ झाली, साखर वाढली. वर आम्ही दुखायच्या गोळ्याही खायचो, उपाशीपोटी. एक दिवस काळी शौचास झाली आणि चक्कर येऊन पडलो. डॉक्टर म्हणाले, पोटात रक्त उतरलं. पुडीत बहुतेक स्टेरॉईड कुटून घातलं असणार. जीव वाचला ही पांडुरंगाची कृपा. म्हणून हात जोडून सांगतो, ज्या पुडीवर नाव न्हाई ती पुडी तोंडात घालू नका. आणि नाव असलेली दुखण्याची गोळीही डॉक्टरला विचारल्याशिवाय रोज खाऊ नका. तिनं पोट जातं, किडनी जाते. दुखणं कळणं बंद होतं, झीज बंद होत न्हाई.

आता सगळी सांधेदुखी एक नसते, हेही समजून घ्या. झिजेची दुखी वापरल्यावर वाढते, विसावा घेतल्यावर कमी होते. दुसरी आमवाताची. तिच्यात अंगातली राखण करणारी फौजच आपल्या सांध्याच्या अस्तरावर उठते. दोन्ही हातांची बारकी बोटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत न्हाई. ती तरण्या बाईलाही होते, आणि तिला लवकर औषध मिळालं तर बोटं वाकडी होत न्हाईत. तिसरी, पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन असा ठणकतो, की अंगावरची चादर सहन होत न्हाई. ते रक्तातलं युरिक ॲसिड साचल्यामुळं होतं. चौथी तापानंतरची. २००६ साली मराठवाड्यात चिकुनगुनिया आला होता, आठवतो का? घरची सगळी माणसं वाकून चालायची. त्या नावाचा अर्थच आफ्रिकेतल्या एका भाषेत वाकवून टाकणारा असा हाय. तो मच्छरानं येतो, म्हणून रांजण-हौद झाकून ठेवायचे. आणि एखादा सांधा एकदम गरम झाला, सुजला आणि ताप आला, तर त्याला लेप लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत पू झाला तर दोन-चार दिवसांत सांधा खराब होतो.

मायमाउल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. खुरपणी तुमची, कापसाची वेचणी तुमची, चुलीपुढं बसणं तुमचं. दिवसभर उकिडवं बसून गुडघ्यावर किती भार येतो त्याचा हिशेब कुणी मांडत न्हाई. पुरुषाचा गुडघा दुखला की घर गोळा होतं, बाईचा दुखला की ती स्वतःच पदरानं बांधते. तसं करू नका. खुरपताना बुडाखाली पाटा, वीट, काहीतरी घ्या. मधून मधून उठून पाय सरळ करा.

सांध्याला जपायचं कसं, ते आम्हाला त्या अंबाजोगाईच्या पोरीनं सांगितलं. चार गोष्टी.

एक, वजन. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीनं भार पडतो, पायऱ्यांवर त्याहून जास्त. एक किलो वजन उतरलं, तर पावलागणिक गुडघ्यावरचे चारेक किलो उतरतात. एकादशी खरी करा. साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप खाऊन दुप्पट खाशी करू नका.

दोन, मांडी. मांडीचा स्नायू बळकट असला तर तो गुडघ्याला आधार देतो. जमिनीवर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवा, ती घडी गुडघ्यानं खाली दाबा, पाच नाम होईपर्यंत धरा, सोडा. असं सकाळ-संध्याकाळ वीस वेळा. नाम पण होतं, काम पण होतं.

तीन, काठी. काठी कोणत्या हातात धरायची? आपण सगळे चुकतो. उजवा गुडघा दुखत असला तर काठी डाव्या हातात. दुखऱ्या पायाबरोबर ती पुढं टाकायची. असं केल्यानं भार दुखऱ्या बाजूवरून निघतो. आमची पाच वर्षं उलट्या हातात काठी होती.

चार, सवय. वर्षभर मोटारसायकलवर फिरायचं आणि वारीला एकदम रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर, असं करू नका. दीड-दोन महिने आधीपासून रोज थोडं थोडं चाला. बैलालाही पहिल्या दिवशी दिवसभर औताला धरत न्हाईत.

आणि एवढं करूनही गुडघा पार गेला, तर आता इलाज हाय. लोक म्हणतात "वाटी बदलली". खरं तर फक्त वाटी बदलत न्हाईत, हाडांची झिजलेली टोकं काढून तिथं धातूचं टोपण आणि मधी टणक प्लास्टिक बसवतात. १९६२ साली विलायतेत चार्नली नावाच्या डॉक्टरांनी असा टिकणारा खुबा बसवला, पुढं गुडघ्याचंही साधलं. आपल्या पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी तर आपल्या लोकांच्या मापाचा आणि मांडी घालून बसायच्या सवयीचा विचार करून इथंच कृत्रिम गुडघा तयार केला. २०१७ साली सरकारनं या गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादाही घातली. शस्त्रक्रिया शेवटचा उपाय हाय, पण ती केलेला माणूस अपंग न्हाई. आपल्या दिंडीत असे दोघं-तिघं हायत आणि ते पावली खेळतात.

आता शेवटचं.

पांडुरंग विटेवर का उभा हाय? लहान लेकराला विचारा, ते सांगेल. पुंडलिक आई-बापाची सेवा करत होता. म्हाताऱ्या माणसांचे पाय चेपत होता. देव दारात आला तरी तो उठला न्हाई. वीट फेकली आणि म्हणाला, थांब. आणि देव थांबला. रागावला न्हाई. म्हणजे आपल्या या सगळ्या पंढरीचा पाया काय, तर थकलेल्या पायांची सेवा. ती आधी, देवाचं दर्शन मागून. आणि आम्ही काय केलं? त्याच देवाच्या वाटेवर एका थकलेल्या पायाला हसवून घरी पाठवलं. ज्या पायांसाठी देव थांबला, त्या पायांसाठी आमची दिंडी थांबली न्हाई.

म्हणून मंडळापुढं आणि तुम्हा सगळ्यांपुढं आमचं मागणं हाय. शंभर वर्षं झाली, आता दुसरं शतक सुरू करताना हे तीन नेम धरा.

ज्याला चालवत न्हाई त्याच्यासाठी वेगळी गाडी करा. सामानाच्या ट्रकमधी पातेल्यांच्या मधी न्हाई, गाडीत गादी टाका. आणि तुळशीचं एक वृंदावन त्या गाडीत त्यांच्या हाती द्या. म्हणजे ती माणसं गाडीत बसलेली न्हाईत, तुळस घेऊन निघालेली हायत. त्यांना कुणी शब्द बोलला तर त्याला दिंडीनं समज द्यावी, तो कीर्तनकार असला तरी. कीर्तनकार असला तर आधी.

दुसरं, चढावर दिंडीची चाल सगळ्यात मागच्या म्हाताऱ्याच्या चालीवर ठेवा. विणेकरी थांबला की सगळे थांबतात. तसं एका थकलेल्यासाठीही थांबा.

तिसरं, मुक्कामाला हरिपाठ झाला की तरण्या पोरांनी अर्धा तास म्हाताऱ्यांचे पाय चेपायचे. सुजलेला गरम सांधा चोळायचा न्हाई, हे तेवढं शिकून घ्या. बाकी पुंडलिकाचं काम हाय, चुकायचं न्हाई.

यंदा आम्ही बालाघाटाचा चढ गाडीत बसून चढणार हाय. सपाटीला चालू, चढाला बसू. सगळ्यांच्या देखत, दिवसा बसणार. पहिली जागा आमची लिहून घ्या. शेजारची एक जागा मात्र आमच्या मनात रिकामी राहील. तिथं आबा बसलेले असतील, टाळ घेऊन.

दोन हाडांच्या मधी साय असते, वंगण असतं, म्हणून हाडाला हाड घासत न्हाई. माणसांच्या मधी तेच काम मऊ शब्द करतो. आमच्याजवळ तो त्या रात्री नव्हता. तुमच्याजवळ असू द्या.

चूकभूल पदरात घ्या. रामकृष्ण हरी.

बोला पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!